ओट्याची उंची

१

मिस्त्रींना मोजपट्टीचं वावडं नव्हतं, पण तिची गरजही फारशी पडली नव्हती. भिंत सरळ आहे की नाही ते ओळंबा सांगे, विटांची रांग सुटली की नाही ते दोरी सांगे, आणि उरलेली मापं अंगावरच होती. खिडकी छातीला, खुंटी उचललेल्या हाताच्या मनगटाला, पायरी वीतभर. एक माप तेवढं त्यांच्या अंगाचं नव्हतं. स्वयंपाकाच्या ओट्याचं.

ते बायकोचं होतं. लग्नानंतर त्यांनी स्वतःची खोली बांधायला घेतली, दिवसभर दुसऱ्याचं काम करून उरलेल्या उजेडात. ओट्याची वेळ आली तेव्हा त्यांनी तिला भिंतीशी उभं केलं आणि विचारलं, "हात कुठे येतो?" ती कणीक मळल्यासारखे हात करून उभी राहिली.

"अजून खाली. अजून. आता बोटभर वर. तुमचं काय जातंय, तुम्ही ताडासारखे. मला जन्मभर टाचा उंचावून मरायचं नाही."

अंगाने बुटकी आणि तोंडाने उंच, असं ते तिला म्हणत. त्यांनी भिंतीवर नखाने रेघ ओढली आणि मग तीच रेघ स्वतःच्या अंगावर शोधून ठेवली: पट्ट्याच्या खाली चार बोटं. पुढे जन्मभर लोकांच्या घरांत ओटे बांधले ते त्याच मापाने. कुठल्याही घरात ओट्यावर शेवटची थापी फिरवताना ती तिथे उभी असल्यासारखी वाटायची, आणि काम गोड व्हायचं.

ती गेल्यावर मिस्त्रींनी काम सोडलं. दुपारी ते स्वयंपाकघरात जमिनीवर बसत, ओट्याला पाठ टेकून. वर ओट्याच्या कडेला एक जागा गुळगुळीत झाली होती. रोज उभं राहून, कमरेला खोचलेलं फडकं घासून घासून. ते न बघताच हात वर नेत आणि त्या जागेवर ठेवत.

एकदा लेक ऑफिसातून लवकर घरी आली आणि तिने ते पाहिलं. थोड्या दिवसांनी म्हणाली, "बाबा, आपल्याला परदेशी जायचंय."

"मला इथल्या बसची पाटी वाचता येत नाही."

"वाचायला नाही, बांधायला जायचंय. आमच्या ऑफिसातले लोक दरवर्षी जातात. घर गेलेल्यांना घरं बांधून देतात. सगळे माझ्यासारखे, थापी उलटी धरणारे. एक खरा गवंडी हवाय."

"मजुरी?"

"काही नाही."

मिस्त्रींनी जरा विचार केला. "मग काम नीट करावं लागेल," ते म्हणाले.

२

तिथे एक डोंगर खाली आला होता. त्याच्या पोटात एक अख्खी वस्ती गेली. वाचलेली माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती आणि थंडी तोंडावर आली होती. मोकळ्या माळावर घरांच्या रांगा आखल्या होत्या, सगळी एका नकाशाची: पुढे खोली, मागे स्वयंपाकघर, खिडकी उजव्या हाताला.

घरं बांधून देणाऱ्या संस्थेचा एकच नियम होता. ज्याचं घर त्यानेही हात लावायचा. मिस्त्रींच्या वाट्याला आलेलं घर एका बाईचं आणि तिच्या लहान मुलीचं होतं. नवरा डोंगराखाली राहिला होता. बाई चांगलीच उंच, मिस्त्रींपेक्षा बोटभर जास्तच. शेडच्या दारातून निघताना रोज तिचं डोकं चौकटीवर आपटे, रोज ती आपल्या भाषेत काही म्हणे आणि रोज मुलगी खिदळे. मुलगी आईच्या खांद्यावर बसली की तिचा हात शेडच्या पत्र्यावर पोचायचा, आणि ती तिथे टकटक करून आतल्या शेजाऱ्यांना सतावायची.

भाषेचा प्रश्न नव्हता, कारण भाषाच नव्हती. मिस्त्री बोट दाखवत, बाई वीट देत असे. फार अडलं तर लेक होती. ती तिकडची थोडी भाषा पुस्तकातून शिकली होती. देखरेखीला एक तरुण होता, त्याच्या डोक्यावरची पिवळी टोपी जेवतानाही उतरत नसे, म्हणून सगळे त्याला टोपीवाला म्हणत. आणि मिस्त्रींच्या खोलीत मुक्कामाला एक निवृत्त पोस्टमास्तर होते, आपल्याकडचेच. ते झोपेतसुद्धा बोलत.

"मिस्त्री, मी जन्मभर खिडकीमागे बसून लोकांना उभं ठेवलं," ते म्हणत. "आता विटा वाहून पाप फेडतोय. तुमचं काय?"

"माझं काही नाही," मिस्त्री म्हणत. घरचं त्यांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

काम मात्र लागलं. हाताला जुनी चव आली. लेक घमेलं उचलताना कण्हायची, पोस्टमास्तर विटांना नावं ठेवायचे, मुलगी वाळूत घरं करून मोडायची. कितीतरी दिवसांनी मिस्त्रींना रात्री झोप लागली. भिंती वर आल्या.

३

ओट्याच्या दिवशी टोपीवाल्याने नकाशा आणि बाईची उंची बघून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लाल खडूने रेघ ओढली. बाई उंच होती, तशी रेघही उंच होती. मिस्त्रींनी ती नीट पाहिली. दोन पाये विटांचे उभे केले, फळ्या लावल्या, सळ्या टाकल्या, माल ओतला, थापी फिरवली. खिडकीतून तिरका उजेड ओल्या सिमेंटवर पडला होता. मनात आपली जुनी खोली आली, आणि ते हातावर हात फिरवावा तशी थापी फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी कडेच्या फळ्या काढल्यावर लेक म्हणाली, "बाबा, ओटा खाली झालाय."

"खाली कसा होईल? रेघेला धरून केलाय."

रेघ तिथेच होती. लाल, स्वच्छ, ओट्याच्या वर चांगली वीतभर.

मिस्त्री उभे राहिले तसे उभेच राहिले. थापी फिरवताना मालाखाली शेवटचा लाल तुकडा बुडाला होता, ते त्यांना आठवत होतं. डोळ्यासमोर होतं. मग त्यांनी ओट्याला लागून उभं राहून पाहिलं. पट्ट्याच्या खाली चार बोटं. बरोबर चार.

"हाताला खोड असते, दुसरं काय," ते म्हणाले. "एवढी वर्षं एकच माप. डोकं रेघ बघत होतं, हात आपलं काम करत होता."

टोपीवाल्याने टोपी मागे सारली. सिमेंट थोडं होतं आणि छपराचं काम बाकी होतं. तो बाईशी बोलला. बाई ओट्याशी जाऊन उभी राहिली. विहिरीत डोकावावं तशी तिला वाकावं लागलं. तिने हसून हात हलवला.

"चालेल म्हणतेय," लेक म्हणाली. "म्हणते, आजोबांनी केलाय, राहू द्या."

मिस्त्रींना लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर, आत कुठेतरी बरंही वाटलं.

४

नव्या सिमेंटला पाणी मारावं लागतं. दुपारी सगळे झाडाखाली जेवायला गेले की मिस्त्री बादली घेऊन एकटेच घरात यायचे. ओट्यावर गोणपाट अंथरलं होतं. ते भिजवायचं, जरा बसायचं, मग जेवायला जायचं.

छप्पर घातलं त्याच्या आसपासची गोष्ट. त्यांनी गोणपाट उचललं आणि ओट्याच्या कडेवर हात फिरवला, कुठे तडा गेलाय का बघायला. खरखरीत, खरखरीत, खरखरीत, आणि मग एके ठिकाणी हात घसरला.

तिथे कड गोल झाली होती. दोन ओंजळींएवढी जागा, गुळगुळीत, जराशी काळपट, तेलकट वाटावी अशी. चार दिवसांपूर्वीचं सिमेंट. ते इतकं झिजायला अर्धा जन्म जातो. बोटांना ती जागा ओळखीची वाटली, आणि बोटं डोक्याआधी मागे आली.

मिस्त्री शहाणे होते. त्यांनी कारणं शोधली. कुणीतरी घमेलं घासलं असेल. पोस्टमास्तर पोट टेकून उभे राहिले असतील, त्यांच्या पोटाला काय अशक्य आहे. एक खरखरीत दगड घेऊन त्यांनी ती जागा घासली, बाकीच्या कडेसारखी केली, आणि वर गोणपाट टाकलं.

दुसऱ्या दुपारी ती जागा पुन्हा गुळगुळीत होती. आणि गोणपाट नीट घडी करून बाजूला ठेवलं होतं. आधी उभी, मग आडवी, मग टोकं आत. फडक्याची घालतात तशी घडी.

त्या दिवशी मिस्त्री जेवले नाहीत. कुणी विचारलं तर म्हणाले, भूक नाही. भीती वाटली होती हे खरं. पण ती भीती चोरासमोरची नव्हती. फार दिवसांनी घरी गेल्यावर दारात पाय जसा अडखळतो, तशी काहीशी होती.

५

स्वयंपाकघराला दार लागायच्या आधीच बाईने तिथे चूल मांडली. सगळ्यांना गरम पाणी द्यायला, म्हणून. पहिल्या दिवशी ती वाकून काम करत होती आणि मधूनमधून कंबर धरत होती. मिस्त्रींच्या जिवाला ते लागत होतं.

मग एका सकाळी त्यांच्या लक्षात आलं की ती कंबर धरत नाही.

ती ओट्याशी सरळ उभी होती. पाठ ताठ, कोपरं अंगाशी, हात बरोबर जिथे यायला हवेत तिथे. मिस्त्रींनी तिच्या पायांकडे पाहिलं. गुडघे वाकवलेले नव्हते. वर फळीवर डबा होता. ती फळी तिच्या खांद्याला लागावी म्हणून त्यांनी स्वतः ठोकली होती. बाईने टाचा उंचावल्या आणि चाचपडत डबा काढला.

मोतीबिंदू काढल्यापासून उजव्या डोळ्याचा भरवसा नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. नीट दिसावं म्हणून ते जरा पुढे झाले. खिडकीशी, तिच्या उजव्या हाताला.

"उजेड सोडा," ती म्हणाली.

मिस्त्री चटकन बाजूला झाले. सवयच ती. घरी ते कामावरून आले की असेच तिच्या मागे जाऊन उभे राहायचे, आज काय शिजतंय बघायला, आणि ती मान न वळवता तेवढं म्हणायची. बाजूला होऊन ते तिच्या पाठीकडे बघत हसलेसुद्धा. मग हसू तोंडावरच राहिलं.

बाहेर येऊन त्यांनी लेकीला गाठलं. "त्या बाईला आपलं बोलणं येतं?"

"कुठलं! 'पाणी' शिकवलं तर 'फाणी' म्हणते. का?"

"काही नाही. सहज."

लेकीने त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग विटा उचलायला गेली.

६

दोन्ही खोल्यांना चुना झाला, आणि संस्थेने बाईला सामान आणायला परवानगी दिली. किल्ली शेवटच्या दिवशी, पण दिवसा राहायला हरकत नव्हती. बाई सकाळी आत जायची ती संध्याकाळीच बाहेर यायची.

पोस्टमास्तरांनीच आधी विषय काढला. झाडाखाली बसल्या बसल्या म्हणाले, "मिस्त्री, बाई शहाणी झाली हो! काल शेडमध्ये जाताना डोकं आपटलं नाही. शेवटी माणूस शिकतो."

त्या संध्याकाळी मिस्त्री मुद्दाम शेडपाशी रेंगाळले. बाई आली. लहान लहान पावलं टाकत, कमरेत जराशी झुलत. चौकटीखालून आत गेली. ती वाकली नव्हती. वाकायची गरजच पडली नव्हती. चौकट आणि तिचं डोकं यांच्यामध्ये मावळतीचं आभाळ दिसत होतं.

दुसऱ्या दुपारी ते बादली घेऊन घरात गेले. बाई ओट्याशी पाठमोरी होती. आणि खाली जमिनीवर, ओट्याच्या पायाला पाठ टेकून, त्यांची लेक बसली होती. गुडघे पोटाशी, डोळे मिटलेले. एवढी मोठी ऑफिसातली बाई, पण बसली होती शाळेतल्या पोरीसारखी.

मिस्त्रींनी तिला हाक मारली नाही. बाहेर येऊन विटांच्या ढिगावर बसले. जरा वेळाने तीही येऊन शेजारी बसली.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"चार-पाच." मग म्हणाली, "तुम्ही?"

"तेवढेच."

लेकीने पायाजवळचा विटेचा तुकडा उचलला.

"अभ्यासाला मी तिथेच बसायचे, आठवतं?" लेक म्हणाली. "वरून भांड्यांचा आवाज. पाढा चुकला की ती न बघता ओरडायची. आणि मधूनच ओल्या हाताने टपली मारायची."

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. डोक्यावर, भांगाच्या जरा डावीकडे, तिचे केस भिजलेले होते. पाण्याचा एक थेंब कानामागून गळ्यावर उतरत होता. तिने तो पुसला नाही.

"तो ओटा पाडायचा नाही, बाबा."

"मी कुठे म्हणालो पाडायचा?"

"म्हणाल. मी ओळखते तुम्हाला."

७

खरं तर मिस्त्री म्हणणार नव्हते. त्यांना त्या दिवसांत जगातलं काही नको होतं. सकाळी कामावर यायची त्यांना घाई व्हायची. खिडकीशी उभं राहावं, उजेड अडवावा आणि दटावून घ्यावं. एकदा सगळे लांब होते, तेव्हा त्यांनी दारातून हळूच हाक मारून पाहिली. "अगं."

पाठमोऱ्या बाईचा हात थांबला. मान किंचित तिरकी झाली, ऐकायला.

मिस्त्रींना बोलायचं काही नव्हतंच. नुसतं हाक मारल्यावर कुणीतरी कान देणारं असावं, एवढंच तर माणसाला हवं असतं. ते भरल्या डोळ्यांनी मागे फिरले, तर पायरीखाली मुलगी उभी होती.

ती हल्ली आत जात नसे. उंबऱ्याबाहेर उभी राहून हाका मारायची. आताही तिने मारली. आईसाठी जगात सगळीकडे असतो तसाच एक छोटासा शब्द. आत भांडं वाजत राहिलं. तिने पुन्हा हाक मारली, मोठ्याने. पाठमोरी मान हलली नाही. आत्ताच 'अगं' म्हटल्यावर वळलेली तीच मान.

मुलीने मिस्त्रींचं बोट धरलं आणि काहीतरी विचारलं. लेक विटा घेऊन येत होती. ती थबकली.

"काय म्हणतेय?"

"आई बाहेर कधी येणार, म्हणतेय."

"अगं, ती काय समोर उभी आहे. सांग तिला."

लेकीने सांगितलं. मुलगी घराकडे न बघताच उत्तरली, आणि लेकीचा चेहरा पांढरा पडला.

"काय म्हणाली?"

"म्हणते, ही नाही. माझी."

मिस्त्रींनी बोट सोडवून घेतलं नाही. पोरीचा हात गार होता आणि नखांत वाळू होती. ती रडत नव्हती. रडणारं पोर परवडतं. ही नुसती थांबली होती, बस चुकलेलं माणूस दुसरी येईल म्हणून थांबतं तशी.

संध्याकाळी त्यांनी लेकीला बाजूला घेतलं. "आठवड्याने किल्ली देतील. आपण निघून जाऊ. उद्याच करायला हवं."

"नाही."

"पोरी."

"बाबा, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करताय? पुन्हा? तिला पुन्हा घालवायचं?"

"ती गेलेली आहे."

"नाही गेली! तुम्ही ऐकलंय. खोटं बोलू नका माझ्याशी."

"असेल," मिस्त्री सावकाश म्हणाले. "असेल इथे. मी नाही म्हणत नाही. पण मग त्या पोरीची आई कुठे आहे?"

लेक खाली बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडली. आई गेली त्या दिवशी रडली नव्हती, ते सगळं. मिस्त्रींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. केस कोरडे होते.

८

टोपीवाल्याला त्यांनी चूक दुरुस्त करायची आहे एवढंच सांगितलं. छपराचं सिमेंट उरलं होतं, त्याने मान हलवली.

बाईला बाहेर आणणं सोपं गेलं नाही. लेक तिचा हात धरून हळूहळू ओढत होती आणि ती येत होती, पण दुसरा हात ओट्याच्या कडेवरून सुटत नव्हता. शेवटी बोटं सुटली. उंबऱ्यात तिने एकदा मागे पाहिलं. मिस्त्रींनी मान खाली घातली. त्या चेहऱ्यावर कुणाचे डोळे आहेत ते त्यांना बघायचं नव्हतं.

भर दुपार होती. खिडकीतून ऊन आत आलं होतं. मिस्त्रींनी छन्नी लावली आणि हातोडा घातला.

स्वतःचं काम तोडायला जड जातं, हे गवंड्यालाच ठाऊक. हाताला प्रत्येक वीट ओळखीची असते. पहिल्या घावाला तडा गेला, दुसऱ्याला टवका उडाला. खिडकीतून बाहेरचा विटांचा ढीग दिसत होता. त्यावर बाई बसवल्यासारखी बसली होती, लहानशी, मान खाली घालून. शेजारी लेक, आणि जरा दूर, अंतर ठेवून, मुलगी.

मिस्त्री घाव घालत राहिले. सळ्या उघड्या पडल्या. गुळगुळीत झालेला तो तुकडा सगळ्यात शेवटी राहिला होता. तो तोडवेना. त्यांनी त्यावर एकदा तळहात ठेवला. मग त्यावर छन्नी टेकवून घाव घातला.

तुकडा खाली पडला तेव्हा बाहेर बाईने मान वर केली. झोपेतून उठल्यासारखं इकडेतिकडे पाहिलं. ती उभी राहायला लागली आणि उभी राहतच गेली, अशी की शेजारी बसलेल्या लेकीला मान मागे टाकून वर बघावं लागलं. मुलीने एकदाच हाक मारली. बाई वळली. मुलगी धावली आणि पुढच्या क्षणी ती आईच्या खांद्यावर होती, उंच, आभाळात.

मिस्त्री खिडकीतून ते बघत होते. बाई बाहेर होती. लेक बाहेर होती. घरात त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं.

मागे कुणीतरी ओले हात झटकले. दोन थेंब त्यांच्या मानेवर पडले.

"मग मी कुठे उभी राहू?"

आवाजात राग नव्हता. तोच तर घात होता. घरात सामान हलवताना बाजूला झालेलं माणूस विचारतं, तसं विचारलं होतं. साधं. उत्तर मिळेल अशा खात्रीने.

मिस्त्रींच्या हातात हातोडा होता. मागे वळून पाहिलं असतं तर तो हातातून गळाला असता, म्हणून ते वळले नाहीत. दोन्ही पाये जमिनीशी येईपर्यंत ते तोडत राहिले. मागचा श्वास बराच वेळ तिथे होता. मग त्यांना वाटलं, नाही. मग वाटलं, आहे.

९

नवा ओटा लाल रेघेला धरून झाला. या वेळी मिस्त्रींनी मोजपट्टी लावली आणि तिच्यावरही भरवसा न ठेवता बाईला समोर उभं करून हात कुठे येतो ते पाहिलं. निघायच्या दिवशी टोपीवाल्याने किल्ली दिली. बाईने मुलीला उचलून ओट्यावर बसवलं, शेडमधलं शेवटचं गाठोडं आणायला निघाली आणि तिकडच्या चौकटीवर तिचं डोकं खाडकन आपटलं. मुलगी इतकी हसली की तिला उचकी लागली.

निरोप घेऊन येईपर्यंत छोटी बस भरत आली होती. मिस्त्री आणि लेक सगळ्यात मागच्या बाकावर बसले. ते खिडकीशी, ती पलीकडच्या टोकाला. माळ मागे पडला, नवी घरं लहान होत गेली.

"बाबा, तोडताना काही ऐकलंत?"

"नाही," मिस्त्री म्हणाले. "तू?"

"मी बाहेर होते."

"हो. बाहेर होतीस."

लेक आपल्या खिडकीतून बघत राहिली, ते आपल्या. मधे एक जागा मोकळी होती. ती ठेवायची असं काही त्यांचं ठरलं नव्हतं. पण मिस्त्रींनी आपली पिशवी मांडीवर घेतली होती, आणि लेकीनेही.

बस एका थांब्यावर थांबली. एक म्हातारी चढली आणि पुढच्या बाकावर बसलेले पोस्टमास्तर आपली जागा तिला देऊन, हातातली बोचकी सांभाळत, धापा टाकत मागे आले. गेल्या काही दिवसांत त्यांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला होता. "सरका, सरका, मिस्त्री, म्हाताऱ्याला टेकू द्या," असं लांबूनच ओरडत ते मोकळ्या जागेपर्यंत पोचले, बसायला वळले आणि मध्येच थांबले. चेहऱ्यावर एकदम शिष्टाचाराचं हसू आलं. टोपी काढून त्यांनी मान लववली.

"नाही नाही, उठू नका," ते त्या जागेकडे बघून म्हणाले. "बसा वहिनी, तुम्ही बसा. मी उभाच बरा."